दीड सेंटीमीटर

मूठ कर, म्हटलं.
तिनं केली. म्हणजे तिच्या मते केली.
मधल्या बोटाचं टोक आणि तळहात यांच्यामध्ये
माझी पट्टी अजून शिरते:
दीड सेंटीमीटर.
झाकतच नाही ती, सव्वा लाखाची कुठली!

एदुविना नाउएल्कीन, वय एकावन्न,
केयोनच्या साल्मन कारखान्यात चौदा वर्षं
काटे उपटायच्या पट्ट्यावर.
माशाच्या एकेका फाकेत तीसेक काटे,
बोटानं चाचपायचे, चिमट्यानं ओढायचे,
फाक पुढे, दुसरी हजर.
दिवसाला किती, विचारलं
तर आकडा सांगत नाही, मनगट वळवून दाखवते
हवेत, चिमट्याशिवाय,
टक, टक, टक,
आणि माझ्या खोलीत बर्फाचा वास येतो.

रात्री दीडला हात जागा व्हायचा, म्हणाली,
मी झोपलेलीच असायचे.
अंगठा, तर्जनी, मधलं,
आणि अनामिकेचं अर्धंच.
अंगठीची अलीकडची बाजू बधिर, पलीकडची शहाणी.
"नवऱ्यासारखं. अर्धा घरात, अर्धा बोटीत."
हसताना तिनं हात टेबलाखाली नेला.

ऑपरेशनला नऊ आठवडे झाले.
गरम पाण्यात प्लास्टिकचा पत्रा मऊ करून
मी तिच्या मनगटाला बसवते,
निवेपर्यंत दोघी गप्प.
चार मिनिटं कुणीतरी तिचा हात
नुसता धरून बसलेलं असतं.

मग विम्याचा फॉर्म.
पकड मोजा, पाचही खाचांवर,
नंतर उजवा डावा, उजवा डावा, भराभर.
हातचं राखून दाबणारी माणसं
त्यात सापडतात म्हणे.
ह्या चाचणीचं शिक्षण मी घेतलंय,
प्रमाणपत्र भिंतीवर आहे, जरा वाकडं.

एदुविना दाबते.
मानेची शीर वर येते, ओठ पांढरे,
काटा चढतो, चोवीस किलो.
परत चोवीस.
तिसऱ्यांदा डोळ्यांत पाणी, तरी चोवीस.
खोटं बोलतेय ती,
पण उलट्या अंगानं.
हातावर पोट आहे, हातचं राखणार कुठलं?
"लिही ना, यास्ना. बरी झाले म्हणून लिही.
सोमवारपासून पट्ट्यावर दुसरी बाई उभी राहील."
फॉर्मवर असल्या खोट्यासाठी चौकोन नाही.

गुरुवारी म्हटलं, यंत्र राहू दे.
तुला ह्या हातानं काय करायचंय?
तिनं पिशवीतून बटाटे काढले,
जांभळे, बोटाएवढे, मातीसकट,
किसणी, आणि पिठाच्या गोणीचं फडकं.
मिल्काओ करायचा म्हणाली, पण आधी पिळायला हवं,
कच्च्या किसातलं पाणी राहिलं तर तो थापलाच जात नाही.

पिळलं.
गढूळ धार आली, मग थेंब, मग नाही.
थांबली. हात झटकला.
डाव्यानं पीळ दिला, उजव्याचा नुसता टेकू.
मग उठून फडक्याचं एक टोक
माझ्या दाराच्या मुठीला बांधलं
आणि सगळं अंग मागं टाकलं.
पाणी धो धो.
"आई असंच करायची," ती म्हणाली.
"शिंपले सोलायची ती.
आम्हाला वाटायचं, पद्धतच आहे."

चोवीस हा आकडा मी लिहिला, तो खराच होता.
त्याखाली लिहिलं: पुरावा नव्हे.
त्याखाली: आणखी सहा आठवडे, काट्यांचं काम नको.
तिनं वाचलं. दोनदा वाचलं.
किस फडक्यात बांधून घेऊन गेली,
निरोप न घेता.

आता बाहेर ओहोटी आहे,
बोटी चिखलात कलंडून पडल्यात.
पुढचा पेशंट, जाळी दुरुस्त करणारा पोरगा,
दार उघडतो, हाताकडे बघतो:
हे पांढरं काय लागलं?
बटाटा, म्हटलं.
बस.
मूठ कर.